विंडोज टाकताना हार्डडिस्कच दिसत नाही: कंट्रोलर ड्रायव्हरचा घोळ कसा सोडवायचा

लक्षणं

- पेनड्राइव्हवरून सेटअप नीट सुरू होतो, भाषा निवडता येते, पण विंडोज कुठे टाकायची हे विचारणाऱ्या पानावर यादी रिकामी असते. खाली 'वी कुडन्ट फाइंड एनी ड्राइव्ह्ज' अशी ओळ आणि 'लोड ड्रायव्हर' हे बटण.
- यादीत फक्त पेनड्राइव्हच दिसतो. आतली ५१२ जीबीची एसएसडी गायब.
- सेटअप पहिल्याच पानावर 'अ मीडिया ड्रायव्हर युवर कॉम्प्युटर नीड्स इज मिसिंग' म्हणून अडून बसतो.
- काल संध्याकाळपर्यंत चालणारं मशीन आज निळ्या पडद्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' दाखवतं. विंडोज ७ किंवा एक्सपी असेल तर लांबलचक शून्यांच्या शेवटी '७बी' असा कोड येतो.
- उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकताना इन्स्टॉलर 'आरएसटी बंद करा' म्हणून थांबतो; आरएसटी म्हणजे इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी.

दोन तक्रारी यांच्यासारख्या वाटतात, पण त्या वेगळ्या आहेत. डिस्क यादीत दिसते पण 'एमबीआर पार्टिशन टेबल आहे, इथे टाकता येणार नाही' असा संदेश येतो, तेव्हा ड्रायव्हर ठीक आहे. पेनड्राइव्ह यूईएफआय या नव्या पद्धतीने बूट झालाय आणि डिस्कची विभागणी जुन्या, एमबीआर पद्धतीची आहे. दुसरी म्हणजे ०x८०३०००२४ ही एरर. डेस्कटॉपला दोन-तीन डिस्क जोडलेल्या असताना ती बऱ्याचदा येते. जिच्यावर विंडोज टाकायची ती डिस्क ठेवून बाकीच्यांच्या केबल काढा आणि पुन्हा सेटअप चालवा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासपासून शिरोलीतल्या फाउंड्रीच्या ऑफिसपर्यंत सगळीकडे नव्याने विंडोज मारणं चालू आहे, आणि या तक्रारीवरून चांगल्या एसएसडी 'गेल्या' म्हणून बदलल्या जातात. डिस्क दिसत नाही म्हणजे डिस्क खराब, हे समीकरण आधी डोक्यातून काढा. डिस्क कुठपर्यंत दिसते आणि कुठून दिसेनाशी होते, हे शोधलं की निम्मं काम झालं.

हात लावण्याआधी: आत डेटा आहे का?

हे विचारायला एक पैसा लागत नाही, आणि हेच विचारायचं राहून जातं. नवी कोरी डिस्क असेल तर पुढचं काहीही करून बघायला हरकत नाही. पण आत टॅलीचा डेटा, पगारपत्रकं, मशीनची ड्रॉइंग असतील आणि बॅकअप नसेल, तर दोन गोष्टी करायच्या नाहीत. डिस्कपार्ट या विंडोजच्या डिस्क-टूलमधली 'क्लीन' कमांड द्यायची नाही, आणि रेडच्या (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायच्या पद्धतीच्या) मेनूत 'डिलीट' किंवा 'इनिशियलाइझ' असं लिहिलेल्या कशालाही हात लावायचा नाही. मार्केट यार्डात गुळाचा हंगाम जोरात असतो, बिलं खोळंबलेली असतात, आणि अशा घाईत हीच दोन बटणं दाबली जातात.

विंडोज ११ च्या लॅपटॉपवर आणखी एक बघा: बिटलॉकर. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते, मालकाला पत्ताही नसतो. बायोसमध्ये (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंगमध्ये) बदल केला की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती त्या माणसाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून लॉगिन करून आधी ती कागदावर उतरवा, मगच बायोस उघडा.

१. बायोसला डिस्क दिसते का?

डेस्कटॉप असेल तर चालू करताना डिलीट, लॅपटॉप असेल तर बहुधा एफ२; एचपी असेल तर एफ१०. आत गेल्यावर डिस्कचं नाव आणि क्षमता शोधा. साधी साटा (जुन्या प्रकारच्या जोडणीची) डिस्क पहिल्या पानावरच दिसते. एनव्हीएमई (नव्या, जास्त वेगाच्या जोडणीची) एसएसडी मात्र वेगळ्या 'एनव्हीएमई कॉन्फिगरेशन' मध्ये, किंवा 'इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी' नावाच्या मेनूत लपलेली असू शकते. दोन्हीकडे बघितल्याशिवाय 'दिसत नाही' म्हणू नका.

बायोसला डिस्क दिसते आणि विंडोजच्या सेटअपला दिसत नाही, तर गोष्ट ड्रायव्हरची. बायोसलाच दिसत नसेल तर जगातला कोणताही ड्रायव्हर उपयोगाचा नाही; थेट सहाव्या तपासणीवर जा. क्षमता ० दाखवत असेल, किंवा डिस्कच्या नावाच्या जागी 'साटाफर्म एस११' असं काही दिसत असेल, तर एसएसडीच्या आतलं फर्मवेअर, म्हणजे तिचं स्वतःचं सॉफ्टवेअर, बिघडलंय. स्वस्तातल्या काही साटा एसएसडी मरताना हेच नाव दाखवतात. तिथे वेळ घालवायचा नाही.

बाहेर पडण्यापूर्वी स्टोरेजच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. साटा मोड एएचसीआय (साधा, थेट) होता की रेड, व्हीएमडी (इंटेलचा कंट्रोलर, चौथ्या तपासणीत येतो) चालू होतं की बंद, हे नंतर आठवत नाही. चार बदल करून झाल्यावर मूळ स्थितीला परतायचा तो एकच रस्ता उरतो.

तारीख आणि वेळही बघा. २०१५ किंवा २०१८ असं काही जुनंच वर्ष दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. त्याचं प्रकरण पुढे स्वतंत्र आहे, कारण 'अचानक बंद पडलं' या तक्रारींमागे हा सेल फार वेळा निघतो.

२. पेनड्राइव्ह आणि पोर्ट

'मीडिया ड्रायव्हर मिसिंग' हा संदेश डिस्कच्या कंट्रोलरबद्दल (डिस्क आणि मशीनमधल्या दुव्याबद्दल) आहे असं वाटतं, पण बहुतेक वेळा तो पेनड्राइव्हबद्दलच असतो. सेटअप स्वतःच्याच फाइल वाचू शकत नाही म्हणून ड्रायव्हर मागतो. मग लोक तासभर इंटेलचे ड्रायव्हर शोधत बसतात.

खिडकी कॅन्सल करून पहिल्या पानावर या, पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या पोर्टला लावा आणि पुन्हा 'इन्स्टॉल नाऊ' दाबा. निळ्या पोर्टमध्ये असेल तर काळ्या, म्हणजे यूएसबी २.० मध्ये लावून बघा. विंडोज ७ टाकताना तर हे करावंच लागतं, कारण तिच्यात यूएसबी ३.० चा ड्रायव्हरच नाही. माउस-कीबोर्डही त्या पोर्टवर चालत नाहीत.

तेवढ्याने भागलं नाही तर पेनड्राइव्ह नव्याने बनवा. आयएसओ (विंडोजच्या सेटअपची अख्खी फाइल) मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या, कुणाच्या तरी जुन्या हार्डडिस्कवरून नको. एका पेनड्राइव्हवर पाच-सहा आयएसओ ठेवून बूट करायची सोय दुकानात कामाची आहे, पण अडल्यावर एका आयएसओचा साधा पेनड्राइव्ह रुफस किंवा मीडिया क्रिएशन टूलने बनवून खात्री करावी. अर्ध्या तासाचं काम, खर्च शून्य.

३. शिफ्ट आणि एफ१०

सेटअपच्या पानावर असतानाच शिफ्ट धरून एफ१० दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएनही धरावं लागतं. काळी खिडकी उघडते. 'डिस्कपार्ट' टाइप करून एंटर, मग 'लिस्ट डिस्क'. या दोन कमांड फक्त बघतात, काही पुसत नाहीत.

यादीत फक्त ८, १६ किंवा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह असेल तर विंडोजला कंट्रोलर ओळखता आलेला नाही. पूर्ण क्षमतेची डिस्क दिसत असेल तर ड्रायव्हर आहे. अडचण पार्टिशनची किंवा डिस्क 'ऑफलाइन' असण्याची. 'एक्झिट' करून बाहेर या.

लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह जवळ असेल तर याहून पक्की खात्री होते. लिनक्सच्या कर्नलमध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर आधीपासून असतो. काही इन्स्टॉल न करता नुसतं बूट करायचं आणि 'डिस्क्स' हे अ‍ॅप उघडायचं. तिथे एसएसडी दिसली, तर एसएसडी जिवंत आहे आणि विंडोजला फक्त ड्रायव्हर हवाय, हे सिद्ध झालं. त्याच अ‍ॅपमधून डिस्कचं आरोग्य बघता येतं आणि डेटा दुसऱ्या डिस्कवर काढूनही घेता येतो. ग्राहकाला 'नवीन घ्या' सांगण्याआधी एवढी पाच मिनिटं दिलीच पाहिजेत.

४. असं का होतं?

पुढचा निर्णय याच्यावर अवलंबून आहे, म्हणून जरा नीट.

विंडोज ८.१ पासून पुढच्या विंडोजमध्ये एएचसीआय आणि एनव्हीएमई दोन्हींचे ड्रायव्हर आतच असतात. म्हणून इंटेलच्या आठव्या-दहाव्या पिढीच्या साध्या लॅपटॉपवर विंडोज मारताना बहुतेक वेळा काही विचारलं जात नाही. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून प्रोसेसरमध्ये व्हीएमडी नावाचा कंट्रोलर आला आणि लॅपटॉप कंपन्या तो बऱ्याचदा कारखान्यातूनच चालू करून पाठवतात. हा कंट्रोलर वाड्याच्या देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखा आहे: त्याला ओळख दाखवल्याशिवाय आतल्या कुणाची भेट होत नाही. एसएसडी त्याच्या मागे असते. विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नसेल तर तिला पहारेकरी दिसतो, एसएसडी नाही.

डेस्कटॉपवर आणि जुन्या डेलवर 'रेड ऑन' असा मोड असतो, तिथेही तत्त्व हेच. डिस्क एकच असली, रेड बनवलेलाच नसला, तरी मोड रेडचा असेल तर ती रेड कंट्रोलरच्या मागे जाते.

रस्ते दोन: पहारेकरी हटवायचा, म्हणजे व्हीएमडी बंद करायचं, किंवा त्याची ओळख करून द्यायची, म्हणजे ड्रायव्हर द्यायचा. पहिला दोन मिनिटांत होतो म्हणून सगळे तोच घेतात. माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. व्हीएमडी बंद करून टाकलेली विंडोज बायोसमधल्या त्या एका खुणेवर उभी असते. सेल संपला, कुणी 'लोड डिफॉल्ट्स' केलं, काही वेळा बायोस अपडेट झालं, की व्हीएमडी पुन्हा चालू होतं आणि मशीन निळ्या पडद्यावर जातं. सहा महिन्यांनी तेच मशीन पुन्हा टेबलावर येतं. ड्रायव्हर देऊन, व्हीएमडी चालू ठेवून टाकलेली विंडोज बायोस मूळ स्थितीला गेलं तरी सुरू होते.

तरीही बंदच करायचं असेल, डिस्क कोरी असेल, तर जागा अशा:

असूस: अ‍ॅडव्हान्स्ड, त्यात व्हीएमडी सेटअप मेनू, तिथे 'डिसेबल्ड'. एसर: मेन टॅबवर गेल्यावर कंट्रोल धरून एस दाबा, तेव्हाच लपलेला व्हीएमडीचा पर्याय दिसतो, हे माहीत नसेल तर पर्याय नाहीच असं वाटतं. डेल: स्टोरेज, त्यात साटा किंवा एनव्हीएमई ऑपरेशन, 'रेड ऑन' ऐवजी 'एएचसीआय'. लेनोवो: कॉन्फिगरेशनमध्ये व्हीएमडी कंट्रोलर किंवा कंट्रोलर मोड. एचपीच्या अनेक मॉडेलमध्ये हा पर्यायच दिलेला नाही, तिथे ड्रायव्हर देण्यावाचून गत्यंतर नाही.

दोन डिस्क जोडून खरोखर रेड बनवलेला असेल, किंवा ऑप्टेन मेमरी (इंटेलची वेग वाढवणारी मेमरी) असलेली एसएसडी असेल, तर मोड बदलायचा नाही. रेडचा डेटा त्या मोडखेरीज धड वाचता येत नाही, आणि अर्धवट स्थितीत काही लिहिलं गेलं तर तो जोडणंही अवघड होतं.

५. ड्रायव्हर देणं

इथे सगळ्यात जास्त जण अडतात. ड्रायव्हर मिळत नाही म्हणून कमी, चुकीच्या रूपात दिला म्हणून जास्त.

चालू असलेल्या दुसऱ्या मशीनवर लॅपटॉपच्या कंपनीची सपोर्ट साइट उघडा, मॉडेल नंबर टाका. मॉडेल नंबर म्हणजे झाकणावरचं नाव नव्हे, तळाच्या स्टिकरवरचा पूर्ण क्रमांक. 'स्टोरेज', 'चिपसेट' किंवा 'साटा' या गटात इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर असतो. तिथे नसेल तर इंटेलच्या साइटवर तुमच्या प्रोसेसरच्या पिढीसाठी असलेला घ्या. आवृत्ती आणि पिढी जुळली पाहिजे. सगळ्यात नवा तोच चांगला असं इथे नाही; जुन्या पिढीचा आधार नव्या आवृत्त्यांतून काढून टाकलेला असतो.

उतरवलेली फाइल ईएक्सई असते. ती तशीच पेनड्राइव्हवर टाकली तर सेटअपला काही कळत नाही, कारण त्याला आयएनएफ फाइल हवी असते. ती मोकळी करावी लागते. इंटेलच्या सेटअपआरएसटी फाइलसाठी कमांड प्रॉम्प्ट उघडून फाइलचं नाव, एक जागा सोडून डॅश आणि त्याला जोडून इंग्रजीत 'एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स' हा एकच शब्द, पुन्हा जागा सोडून फोल्डरचा पत्ता, असं द्यायचं. एचपीची 'एसपी' ने सुरू होणारी फाइल चालवली की सी ड्राइव्हवर एसडब्ल्यूसेटअप नावाच्या फोल्डरमध्ये मोकळी होते. नंतरची इन्स्टॉलची खिडकी बंद केली तरी चालतं.

मोकळ्या झालेल्या फोल्डरमध्ये व्हीएमडी नावाचा उपफोल्डर शोधा. त्यात नाव 'आयएस्टोरव्हीडी' आणि शेवट आयएनएफ, एसवायएस आणि कॅट असा असलेल्या तीन फाइल एकत्र असायला हव्यात. एसवायएस म्हणजे खरा ड्रायव्हर, आयएनएफ म्हणजे तो कोणत्या कंट्रोलरसाठी याची माहिती, कॅट म्हणजे सही. तिघांपैकी एक जरी राहिली तरी लोड होताना एरर येते. अख्खा फोल्डरच पेनड्राइव्हवर न्या.

आता सेटअपमध्ये:

१. रिकाम्या यादीच्या पानावर 'लोड ड्रायव्हर', मग 'ब्राउज', तो फोल्डर निवडा, ओके.
२. 'जुळत नसलेले ड्रायव्हर लपवा' या अर्थाची खूण केलेली चौकट असते. ती खूण काढू नका. खूण असताना यादी रिकामी आली तर ड्रायव्हर चुकीचा आहे. खूण काढून दिसेल ते लोड करणाऱ्याचा वेळच जातो.
३. यादीत 'इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर' आणि पुढे चार अक्षरं दिसतील. ११ व्या पिढीच्या लॅपटॉपला ९ए०बी, १२ व्या पिढीला बहुधा ४६७एफ. सोबत 'मॅनेज्ड कंट्रोलर ०९एबी' अशी दुसरी ओळही असते. पहिली निवडा, ही दुसरी नाही.
४. 'नेक्स्ट' दाबून थांबा. कधी अर्धा मिनिट लागतो. यादी आपोआप भरली नाही तर 'रिफ्रेश'.

असा दिलेला ड्रायव्हर सेटअप नव्या विंडोजमध्येही टाकतो, म्हणून पहिल्या रीस्टार्टला अडचण येत नाही.

वर्षात दहा-वीस मशीन करणाऱ्यांसाठी सोय आहे. पेनड्राइव्हच्या मुळाशी एक फोल्डर बनवा: आधी डॉलरची खूण, मग इंग्रजीत 'विनपीईड्रायव्हर' हा सलग शब्द, शेवटी पुन्हा डॉलरची खूण. त्यात ड्रायव्हरचे मोकळे फोल्डर ठेवा. सेटअप सुरू होतानाच हा फोल्डर शोधून आतला जुळणारा ड्रायव्हर स्वतः घेतो, 'लोड ड्रायव्हर' दाबावंही लागत नाही. ११ व्या आणि १२ व्या-१३ व्या पिढीचे ड्रायव्हर वेगवेगळ्या उपफोल्डरमध्ये ठेवले की दुकानातला पेनड्राइव्ह तयार.

एएमडी रायझनच्या साध्या लॅपटॉपला यातलं काही लागत नाही. तिथे डिस्क दिसत नसेल तर आधी हार्डवेअरवर संशय घ्या. एएमडीच्या डेस्कटॉप बोर्डवर रेड चालू केला असेल तर तीन ड्रायव्हर आहेत आणि क्रम पाळावा लागतो: आरसीबॉटम, मग आरसीरेड, शेवटी आरसीसीएफजी. पहिला टाकून यादी रिकामीच राहिली म्हणून थांबू नका; दुसरा टाकल्यावर डिस्क दिसतात.

गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये अजून विंडोज ७ मागितली जाते, कारण मशीनचं सॉफ्टवेअर पुढे चालत नाही. विंडोज ७ ला एनव्हीएमई माहीतच नाही. मायक्रोसॉफ्टचे केबी२९९०९४१ आणि केबी३०८७८७३ हे दोन हॉटफिक्स (दुरुस्तीच्या फाइल) आयएसओमध्ये मिसळावे लागतात, आणि ते बूट.विम (सेटअपची) आणि इन्स्टॉल.विम (टाकल्या जाणाऱ्या विंडोजची) या दोन्ही फाइलमध्ये. फक्त बूट.विममध्ये टाकले तर सेटअप पूर्ण होतो, पण पहिल्या रीस्टार्टला ७बी येतो. एवढा खटाटोप करण्यापेक्षा अशा मशीनला अडीच इंची साटा एसएसडी बसवावी आणि मोड एएचसीआय ठेवावा. विंडोज ७ तो ओळखते. एक्सपीला एएचसीआयही कळत नाही, तिला बायोसमध्ये आयडीई मोड द्यावा लागतो. सेटअपच्या सुरुवातीला एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यायचे, ते त्याच काळातलं.

चालू मशीन अचानक निळं पडलं तर: सेल

ही वेगळी वाट आहे, कारण इथे विंडोज टाकायचीच नसते. तरीही लोक टाकतात आणि डेटा घालवतात.

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल ३ व्होल्टचा असतो. मशीनला मेनचा करंट असतो तोपर्यंत बायोसची मेमरी आणि घड्याळ त्यावर चालतं, सेलवर भार येत नाही. आपल्याकडे ऑफिस बंद करताना भिंतीवरचा मेन स्विच बंद करायची पद्धत आहे. वळवाच्या पावसात विजा होतात म्हणून प्लगही काढून ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. पण तेवढा वेळ सगळा भार सेलवर येतो आणि तो लवकर संपतो. मग दिवाळीची सुट्टी संपवून मशीन चालू केलं की बायोस मूळ स्थितीला गेलेलं असतं, एएचसीआयचा रेड किंवा व्हीएमडी झालेला असतो, आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही.

डेटा जागेवर असतो. मशीन बंद करा, सेल बदला, बायोसमध्ये जाऊन मोड आधी होता तो करा. आधी कोणता होता माहीत नसेल तर दोन्ही करून बघा. एका डिस्कच्या मशीनमध्ये नुसता मोड बदलल्याने डेटा जात नाही. विंडोजने 'रिपेअर' विचारलं तर नको म्हणा, आधी मोड. सेलची किंमत एका नाश्त्याएवढी आहे. मीटरवर २.७ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर तारीख ठीक दिसत असली तरी बदलून टाका.

चालू विंडोज न पुसता व्हीएमडी किंवा रेडवरून एएचसीआयवर जायचं असेल तर: बिटलॉकर थांबवा, 'सिस्टिम कॉन्फिगरेशन' मध्ये बूट टॅबवर 'सेफ बूट' ला खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये विंडोज एकदा उघडू द्या, मग खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये विंडोज आपले मूळ ड्रायव्हर जागे करते, म्हणून हे चालतं. तिथे पिन चालत नसेल तर खात्याचा पूर्ण पासवर्ड लागेल, तो आधी माहीत करून घ्या.

६. बायोसलाच डिस्क दिसत नाही

आता झाकण उघडायचं. प्लग काढा, लॅपटॉपची बॅटरी सुटी होत असेल तर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा.

साटा डिस्क असेल तर डेटाची केबल बदला, दुसऱ्या पोर्टला लावा, पॉवरचा दुसरा कनेक्टर लावून बघा. फाउंड्रीच्या ऑफिसात बारीक काळी धूळ कनेक्टरच्या फटीत बसते. तिच्यात लोखंडाचे आणि ग्रॅफाइटचे कण असतात, ते वीज वाहतात. फडक्याने पुसलं की ती आत ढकलली जाते. ब्लोअरने उडवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात संपर्कबिंदूंवर गंज धरतो, तिथेही हेच.

एम.२ (बोर्डवरच्या खाचेत बसणारी पट्टीसारखी) एसएसडी असेल तर स्क्रू काढून ती बाहेर घ्या, तिरकी धरून खाचेत पूर्ण सरकवा, मग दाबून स्क्रू लावा. स्क्रू नसलेली एसएसडी थोडी वर उचललेली राहते आणि कधी दिसते, कधी नाही.

जात जुळते का तेही बघा. एम.२ आकाराच्या सगळ्या एसएसडी एनव्हीएमई नसतात. जिथे फक्त एनव्हीएमई चालते अशा जागेत दोन खाचांची साटा एम.२ बसते, पण चालत नाही. काही बोर्डांवर एम.२ वापरली की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. बोर्डाच्या पुस्तिकेत ते दिलेलं असतं. आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय३ च्या जुन्या बोर्डांवर कार्ड लावून एनव्हीएमई बसवली, तर सेटअपला ती दिसते, विंडोज पडतेही, पण बायोस तिच्यावरून बूट करत नाही. अशा मशीनला साटा एसएसडीच घ्या.

शेवटी ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावा. तिथेही दिसली नाही तर डिस्क गेली. तिथे दिसली तर बोर्ड किंवा पोर्ट.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

डिस्कमधून टिकटिक किंवा खरखर येत असेल तर मशीन लगेच बंद करा, 'एकदा परत चालू करून बघू' नको. प्रत्येक वेळी चालू केल्याने पृष्ठभाग आणखी खरवडतो. आतल्या डेटाची दुसरी प्रत नसेल तर थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या, विंडोज टाकणाऱ्याकडे नको. ती दोन वेगळी कामं आहेत.

पुराच्या पाण्यात गेलेलं मशीन वाळलंय असं वाटलं तरी चालू करू नका. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरीसारख्या भागात गाळाचं पाणी घरा-दुकानांत शिरलं होतं. गाळ चिपच्या खाली राहतो आणि करंट दिला की बोर्ड आणि डिस्क दोन्ही जातात. डिस्क काढून वेगळी द्या.

सर्व्हरचं रेड कार्ड 'डिग्रेडेड' किंवा 'फॉरेन कॉन्फिगरेशन' दाखवत असेल तर काहीही मान्य करू नका, डिस्क काढून जागा बदलू नका. बिटलॉकरची की सापडत नसेल तर तंत्रज्ञही कुलूप उघडू शकत नाही, हे त्याच्याकडे जाण्याआधी माहीत असू द्या. सीएनसी किंवा व्हीएमसीला (संगणकावर चालणाऱ्या कारखान्यातल्या मशीनला) जोडलेला पीसी असेल तर मशीन पुरवणाऱ्याला विचारल्याशिवाय मोड बदलू नका. त्यातलं लायसन्स बऱ्याचदा त्याच डिस्कला बांधलेलं असतं. वॉरंटीतला लॅपटॉप स्वतः उघडू नका. एसएसडी बोर्डवरच सोल्डर केलेली असेल आणि बायोसला दिसत नसेल, तर ते चिप पातळीचं काम आहे.

बोलवताना हाताशी ठेवा: तळाच्या स्टिकरचा फोटो, पहिल्या तपासणीत काढलेला बायोसचा फोटो, निळ्या पडद्याचा फोटो, बिटलॉकरची की, आणि आत्तापर्यंत काय काय बदललं त्याची क्रमाने लिहिलेली यादी.